नागपूरहून आणलेलं टोपलं

नागपूरहून परत आल्यापासून आमच्या वाडीत एकच प्रश्न. संत्री आणलीस का? नाही आणली. वैशाखात नागपुरात संत्री नसतात, हे मलाही तिथे गेल्यावरच कळलं. मी एक टोपलं आणलं आहे. त्याची हकीकत कोणी विचारत नाही, म्हणून लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यात जसं येतं तसं लिहिलं आहे.

आमचं गाव कोकणात, खाडीच्या काठावर. धाकटा मुलगा वसंत नोकरीसाठी नागपूरला असतो. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली, आणि ह्याला चहापलीकडे काही करता येत नाही. म्हणून मी गेले. गाडीतलं काही सांगत नाही. बसले, घामाघूम झाले, उतरले.

जरीपटका

वसंताची खोली जरीपटक्यात. भोवती मोठा बाजार. दुकानदार बहुतेक सिंधी, फाळणीच्या वेळी आलेले. घरमालकीणही सिंधी. मी पोचले तशी तिने पाण्याच्या पेल्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात. मला वाटलं, जेवायला बसवते आहे, म्हणून मी पापड हातात धरून भाताची वाट बघत बसले. बराच वेळ झाला तेव्हा वसंता म्हणाला, "आई, तो खायचा असतो. एवढंच आहे."

तिथल्या उन्हाबद्दल मी ऐकलं होतं, पण ऐकणं आणि त्यात उभं राहणं वेगळं. आमच्याकडचं ऊन घाम काढतं. नागपूरचं ऊन घामसुद्धा अंगावर ठेवत नाही. माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरतात आणि खिशात कांदा ठेवतात, लू लागू नये म्हणून. वसंता कचेरीला निघताना कांदा खिशात टाकू लागला तेव्हा मी विचारलं, "डबा कमी पडतो का रे?"

खाण्याचं म्हणाल तर तिखटात ही माणसं आपल्याला ऐकणार नाहीत. एकदा कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे घेतले. गाडीवाल्याने वरून लालभडक रस्सा ओतला. त्याला ते तर्री म्हणतात. मी म्हटलं, "बाबा, पोहे भिजवायचे असतात, बुडवायचे नसतात." तो म्हणाला, "खाऊन तं पाहा मावशी, मंग बोला." खाल्ले. त्यानंतर बराच वेळ मला बोलता आलं नाही. पुढे मात्र रोज सकाळी जात होते.

आमच्या खोलीच्या मागे एक वस्ती होती. लांबच लांब कौलारू घरं, मध्ये निळ्या रंगाचं बुद्धविहार. वस्तीतले सगळे दीक्षा घेतलेले. कोणी गिरणीत, कोणी रिक्षावर, बायका विड्या वळायच्या, आणि बऱ्याच घरांत हातमाग. गेल्या पावसाळ्यात पाऊस नव्हता हे तुम्हाला सांगायला नको, आपणही भोगलं आहे. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तीही मिळेल त्या दिवशी. त्यात सूत मिळेना, म्हणून माग बंद पडले. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या खिडकीतून पाहिलं, तर निम्म्या घरांतूनच धूर निघत होता. बाकीच्या चुली थंड.

नळावर सुनंदा नावाची मुलगी भेटायची. वस्तीतलीच, कॉलेजात शिकणारी, सुट्टी लागलेली. एक दिवस म्हणाली, "मावशी, सकाळी एक भाकर जास्तीची थापाल काय?"

"कोणासाठी?"

"ज्याच्या घरी चूल नाही पेटून राहिली त्याच्यासाठी. आम्ही पोरंपोरी घरोघर जाऊन जमा करतो."

"थापते," म्हटलं. "वसंताला एक कमी देईन. पोट सुटलंय त्याचं."

ती हसली आणि म्हणाली, "मंग दोन थापा."

टोपलं

सकाळच्या वेळी मला काम नसायचं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघू लागले. पाचसहा पोरं होती. सुनंदाच्या डोक्यावर बाजारातून आणलेलं नवं बांबूचं टोपलं, त्यावर धुतलेलं फडकं. जो घरी असेल त्याच्याकडून एक भाकरी घ्यायची, दोन दिल्या तर दोन, आणि नाही म्हणाला तर पुढे जायचं. टोपल्यात काय नव्हतं! ज्वारीच्या भाकऱ्या, सिंध्यांच्या घरचे फुलके, कांदा घातलेली जाड कोकी, एका पंजाबी घरचे पराठे. माझी भाकरी त्यात ओळखू यायची. तांदळाचं पीठ मी गावाहून नेलं होतं, त्यामुळे सगळ्यांत पांढरी तीच.

प्रल्हाद म्हणून एक उंच, हडकुळा पोरगा होता. डोकं सतत काहीतरी युक्ती काढण्यात. सिंध्यांच्या घरांत कूलरची घरघर, दार ठोकलेलं ऐकू जायचं नाही. म्हणून ह्याने मामाच्या गावाहून बैलाच्या गळ्यातले जुने घुंगरू आणले आणि एका काठीला बांधले. गल्लीत शिरलं की काठी आपटायची. छुम छुम झालं की बायका आपसूक भाकरी घेऊन दारात.

"काय मावशी, कशी आहे आयडिया?" त्याने मला विचारलं.

"बरी आहे. आता शेपूट तेवढी लाव."

पोरं हसली. मलाही ती काठी आवडली होती. आमच्या गावात मी अशी काठी कधी पाहिली नव्हती.

गोळा झालं की वस्तीत वाटायचं. शेवंता नावाची एक बाई होती, नवरा मागावरचा. काम शोधायला बाहेर गेला तो अजून आला नव्हता. घरात तीन लहान पोरं. ती टोपल्यातून भाकऱ्या घ्यायची तेव्हा वर बघायची नाही. पोरं मात्र फुलक्यासाठी भांडायची. धाकट्याला माझी पांढरी भाकरी हवी असायची, कारण तो तिला पोळी समजायचा. पोरं अंगाने सुकलेली होती. आठवड्याभरात जरा तोंडं उजळली, असं मला वाटलं. माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू आहे, पण एवढं दिसतं.

मग सुनंदाची आजी परत आली. पार्बताबाई तिचं नाव. लेकीकडे गावी गेली होती. आम्ही टोपलं भरून आणलं होतं, निम्म्या घरांत वाटून पुढे चाललो होतो. सुनंदा पुढे, तिच्या मागे प्रल्हाद काठी आपटत. पार्बताबाई नुकतीच एस.टी.तून उतरून ओट्यावर बसली होती, गाठोडं अजून मांडीवर. घुंगरांचा आवाज ऐकून ती उठून उभी राहिली.

बाई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने हात पुढे केला आणि प्रल्हादने काठी दिली.

"कोनाची गा हे काठी?"

"माझी, आजी. चांगली वाजते ना?"

"हाव, चांगली वाजते. माह्या बापाचीबी अशीच वाजे."

पोरांना काही कळलं नाही. मलाही नाही. तेव्हा तिने तिथेच ओट्यावर बसून सांगितलं. तिचा बाप गावचा येसकर, वेशीचा राखणदार. संध्याकाळी घुंगराची काठी घेऊन गावभर फिरायचा आणि दारोदार जोहार घालून भाकर मागायचा. काठी कशाला? तर महार आला हे घरातल्यांना लांबून कळावं म्हणून. त्याच्या मागे टोपलं डोक्यावर घेऊन ही, सातआठ वर्षांची. कोणी वरून टाकायचं, कोणी शिळं, कोणी विटलेलं. दीक्षा घेतली त्या साली तिच्या आईने ते टोपलं नेऊन नदीत सोडलं आणि ते वाहून दिसेनासं होईपर्यंत काठावर उभी राहिली.

"आन आता माही शिकलेली नात नवं टोपलं इकत घेऊन आली," पार्बताबाई म्हणाली. "उतरव ते खाली."

सुनंदाने टोपलं उतरवलं. प्रल्हादचा चेहरा पाहवत नव्हता. तो सुटीत पुस्तकं वाचणारा पोरगा, पण ही काठी कुठल्या पुस्तकात नसावी.

नाही म्हणणाऱ्या बाया

वस्तीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत सकाळच्या भाकऱ्या एकेक करून पार्बताबाईच्या ओट्यावर परत आल्या. बायका आल्या, आणून ठेवल्या आणि गेल्या. शेवंताही आली. तिच्या भाकऱ्यांतली एक अर्धी खाल्लेली होती, तीसुद्धा तिने ठेवली. धाकटा मागे रडत होता.

दुसऱ्या दिवशी कोणी घेईना. पोरं टोपल्याऐवजी पिशव्या घेऊन गेली, तरी नाही. सुनंदा आजीशी भांडली. मी नळाजवळ बसून सगळं ऐकत होते, कारण उठायला जागाच नव्हती.

"आजी, ते मागणं वेगळं, हे वेगळं. आम्ही आपल्यासाठी नाही मागून राहिलो."

"टोपल्याले काय समजते, कोनासाठी?"

"मंग भन्तेजी भिक्षा घेते ते?"

"भन्तेजींनं घरदार सोडलं. मी फक्त भाकर मागनं सोडलं. थे आता पुन्हा नाही धरनार."

"शेवंताकाकूचे पोट्टे कालपासून उपाशी आहेत. तुह्या एका शब्दानं."

म्हातारीने ह्यावर पाठ फिरवली. मग तिच्या सुनेने मला हळूच सांगितलं, की पार्बताबाईने कालपासून स्वतःही अन्नाला हात लावलेला नाही. शेवंताची पोरं खात नाहीत तोवर मी खाणार नाही, म्हणते. आपलाच शब्द आणि आपलाच उपास. अशा म्हाताऱ्या आमच्या वाडीतही आहेत. त्यांना समजावण्यात अर्थ नसतो.

तरी मी बोलले. मला गप्प बसता येत नाही.

"पार्बताबाई, तुमचं बरोबर आहे," म्हटलं. "मी तुमच्या जागी असते तर टोपलं फेकूनच दिलं असतं. पण संध्याकाळी शेवंता पोरांच्या पुढ्यात काय वाढणार? मान? तो भाजून खाता येत नाही."

सुनंदा घाबरली. पार्बताबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

"तू कोन वं?"

"वसंताची आई. कोकणातली."

"तुले भाकर थापता येते काय?"

"पन्नास वर्षं थापतेय."

"मंग आयक," ती म्हणाली, आणि नातीकडे वळली. "आनलेली भाकर कोनी खानार नाही. थापलेली खातीन. विहाराच्या आंगनात चुली मांडा. ज्याच्या घरी चूल नाही, त्यानं तिथं यावं, थापावं आन आपल्या हातचं घेऊन जावं. पीठ पाह्यजे."

"पीठ कुठून आणायचं? मागूनच ना?" सुनंदा म्हणाली.

"मागून काहून? हात नाहीत काय तुमाले?"

लकडगंज

धान्याचा बाजार लकडगंजकडे. तशाच निघालो, आम्ही दोघी म्हाताऱ्या सायकलरिक्षात, पोरं सायकलींवर पुढे. वाटेत एका बाजूला सॉमिलमधून लाकूड कापल्याचा वास येत होता. मला आमच्या गावच्या होडी बांधणाऱ्यांची आठवण झाली. पुढे लागली गोदामं. पोती, मुंग्यांसारखे हमाल, आणि कबुतरं इतकी गलेलठ्ठ की त्यांना उडायचा कंटाळा. शहरात माणसं वाळलेली आणि कबुतरं माजलेली, हे काही मला पटलं नाही.

पार्बताबाईने एक गोदाम हेरलं. आत मिलोच्या पोत्यांची थप्पी, त्यात खडे, काड्या, माती. रेशनवर तशीच येते ती. गादीवर शेठ बसला होता, गळ्यात ओला टॉवेल. पोरांना पाहून त्याला वाटलं वर्गणी मागायला आले.

"कितने का पावती फाड़ना है, बोलो," तो म्हणाला.

"पावती नाही सेठ," पार्बताबाई म्हणाली. "तुमची जवारी माती आहे सारी. आमी चाळून, निसून देतो. मजुरी जवारीतच द्या."

शेठ हसला. "अरे माई, इतनी धूप में काय को तकलीफ़? एक बोरा वैसेही ले जाओ. दान है. पुण्य लगेगा."

सुनंदाने आजीकडे पाहिलं. पोतं समोर होतं. प्रल्हाद तर उचलायला वाकलासुद्धा. मला वाटलं, म्हातारी आता तरी घेईल. मी असते तर घेतलं असतं.

"पुण्य तुमच्यापाशीच राहू द्या सेठ," ती म्हणाली. "आमाले चाळणी द्या."

मग त्या गोदामात आमची कॉलेजची पोरं दिवसभर बसली. मोठ्या चाळण्या, धूळ इतकी की एकमेकांची तोंडं दिसेनात. शिंकांची तर जत्रा. एका पोरीने पहिल्यांदाच सूप हातात धरलं आणि पहिल्याच फटक्यात अर्धी ज्वारी कबुतरांच्या दिशेने उडवली. पार्बताबाई म्हणाली, "वा वं बाई! पहिली मजुरी कबुतरायले." हमाल हसून लोळले. त्यांतलाच एक पुढे आला, सूप कसं धरायचं ते तिला दाखवून गेला, आणि जाताना म्हणाला, "जोर मनगटात पाह्यजे, कालेजात नाही."

मी एका कोपऱ्यात बसून खडे वेचले. मोतीबिंदूचे डोळे आहेत, पण बोटांना दिसतं. दुपारी शेठने सगळ्यांना मठ्ठा दिला. तो पार्बताबाईने पोरांना पिऊ दिला. मी विचारलं, "हा कसा चालला?" ती म्हणाली, "कामावरच्या मानसाले मालक पानी पाजतेच. थे दान नोहे."

संध्याकाळी शेठने मापून मजुरी दिली. पोतं भरलं. त्याने शेवटी दोन ओंजळी वर टाकल्या, तेव्हा पार्बताबाईने एक परत त्याच्या पोत्यावर उडवली आणि एक राहू दिली. का ते मी विचारलं नाही.

चूल

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत विहाराच्या अंगणात विटांच्या चुली मांडल्या. पीठ पोरांनी रात्रीच दळून आणलं होतं. लाकडं ज्याने त्याने आणली, कोणी एक काडी, कोणी मोडकी पेटी. नियम एकच, पार्बताबाईने मोठ्याने सांगितला. जो खाईल त्याने थापायचं. थापता येत नसेल त्याने पीठ मळायचं, तेही नाही तर जाळ घालायचा. नुसतं बसून कोणी खायचं नाही.

पण येईना कोणीच. चुली पेटल्या, तवे तापले, आणि आम्ही आपल्या बसलेल्या. सुनंदा सारखी गल्लीकडे बघत होती. प्रल्हाद जाळ घालत होता, घालता घालता भुवया जाळून घेतल्या. पार्बताबाई परातीपुढे बसली होती, हात मांडीवर. उपासाने तिचा आवाज बसला होता.

"तू थाप वं," ती मला म्हणाली. "पन्नास वर्षाची थापनारी."

मी परात ओढली. तिच्या सुनेने उकळतं पाणी पुढे केलं. मी म्हटलं, "ठेवा. मला माझी पद्धत आहे." थंड पाण्यात पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला. मिलोला चिकटपणा नाही हे मला कोण सांगणार? काठाला चीर पडली. मी ती बुजवली, तर मधे पडली. मधली बुजवली, तर भाकरी हातातच दुभंगली. कसेबसे दोन तुकडे तव्यावर टाकले. एक करपला, एक कच्चा. नकाशासारखी दिसत होती ती.

अंगणाच्या कडेला कोणीतरी हसलं. पाहिलं तर शेवंता. तिच्यामागे पोरं, आणि आणखी दोन बायका. भाकरी बिघडताना बघायला बायका कुठेही जमतात, नागपुरात काय आणि आमच्याकडे काय.

"अवं, पानी उकळतं घ्या लागते मावशी," शेवंता तिथूनच म्हणाली. "ह्या मिलोले चटका देल्ल्याबिगर थे आयकत नाही."

"मग ये आणि दे चटका," मी म्हटलं. "माझी लाज तर गेलीच आहे."

ती आली. पदर खोचला, परात आपल्याकडे ओढली, आणि उकळतं पाणी ओतून पीठ असं मळलं की मी बघत राहिले. तिची भाकरी गोल आली, फुगली. दुसऱ्या बायकांनी शेजारची परात घेतली. धाकट्याने फुगलेली भाकरी बोटाने फोडली, चटका बसला, बोंबलला, आणि बोंबलतच खाऊ लागला. शेवंता ह्या वेळी खाली बघत नव्हती. ती पीठ किती उरलं ते बघत होती.

सुनंदाने आजीपुढे शेवंताची भाकरी ठेवली, वर तिखटाची चटणी. पार्बताबाईने ती बाजूला सारली. सगळ्यांचे हात थांबले. तिने माझी करपलेली, तुटलेली भाकरी उचलली.

"अहो, ती नको," मी म्हटलं. "ती कुत्र्याला घाला."

"मले हेच पाह्यजे," ती म्हणाली. "हे तं मागून आनलेली नाही, बिघडवून थापलेली आहे. चालते."

आणि खाल्ली. कच्चा भागसुद्धा. मग पाणी मागितलं आणि नंतर शेवंताची भाकरीही खाल्ली, पूर्ण. सुनंदा पाठमोरी होऊन चुलीत फुंकर घालत बसली. त्या चुलीला फुंकरीची गरज नव्हती.

मी निघेपर्यंत त्या चुली रोज पेटत होत्या. पोरं पाळीपाळीने लकडगंजला जायची, शेठ आता त्यांची वाट पाहायचा. प्रल्हादने काठीचे घुंगरू काढून सायकलीला बांधले होते. पार्बताबाईने बघितलं आणि म्हणाली, "हे ठीक आहे. सायकल कोनाले जोहार नाही घालत."

परत

सुनेचं बाळंतपण नीट झालं, ती परत यायची होती, आणि माझं काम संपलं. निघायच्या दिवशी पार्बताबाई खोलीवर आली. हातात ते टोपलं. एवढे दिवस कोणाच्या घरात ते राहिलं नव्हतं. सुनंदाने विहाराच्या मागे ठेवलं होतं, तिथे कुत्रीने पिल्लं घातली होती.

"हे घेऊन जा तुह्या गावी," ती म्हणाली. "फेकाले मन होत नाही, पोट्टीनं इकत आनलं आहे. घरात ठेवत नाही. तिथं तुह्या गावात याले कोनी ओळखत नाही."

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "आमच्याकडे काठी नव्हती, पण टोपलं होतं. मागच्या दाराला यायचं. ओळखणारी माणसं आमच्या गावातही आहेत."

ती थोडा वेळ टोपल्याच्या काठावरून हात फिरवत राहिली.

"मंग त्यात काहीतरी भरून ठेव," म्हणाली. "रिकामं ठेवशीन तं ओळखतीन."

वसंताने स्टेशनवर विचारलं, एवढं मोठं टोपलं कशाला? मी सांगितलं नाही. गाडीत एका बाईने त्यावर पाय ठेवला, तिला मात्र मी चांगलं सुनावलं.

आता ते आमच्या पडवीत आहे. ह्या उन्हाळ्यातली सोललेली कोकमं त्यात भरली आहेत. ज्यांना हवी त्यांनी येऊन न्यावीत. पण सोलायला हात लावावा लागेल, अजून अर्धी रास बाकी आहे.